नव्वदला चुकत नाही

सकाळच्या सुट्टीत चहाचा कप अर्धा झाला असताना त्याने ते वाचलं आणि कप तसाच हातात राहिला. वाचलं ते काही मोठं नव्हतं. एका संगणकी खेळाच्या चाहत्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर रोज ढिगाने पडणाऱ्या मजकुरातला एक मजकूर, तोही 'दुर्बीण' असं नाव घेतलेल्या कुणा बिनचेहऱ्याच्या माणसाचा: "किल्लेदार, तुमचा राग समजतो. पण सावत्र खरं बोलतोय. वीस वर्षं खोटं बोलत होते ते सख्खे." खाली आकड्यांचा लांबलचक तक्ता. किल्लेदार म्हणजे तोच. कारखान्यात त्याला तपासनीस म्हणत, घरी ताई त्याला बारक्या म्हणायची, पण कट्ट्यावर तो अकरा वर्षं किल्लेदार होता, आणि खरं सांगायचं तर तिन्हींतलं हेच नाव त्याला अंगचं वाटायचं. त्याने तक्ता एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग त्याला आठवलं की आज मंगळवार आहे आणि उद्या सकाळी नऊ वाजता ताईचं डोकं उघडणार आहेत.

'सात बुरुज' हा खेळ ज्याने खेळला नाही त्याला यातलं काही कळायचं नाही, असं कट्ट्यावरचे लोक मोठ्या अभिमानाने म्हणत. पण न कळण्यासारखं त्यात काही नाही. चौकटींचा पट, त्यावर तुमचे दहा-बारा शिपाई: भालाईत, तिरंदाज, एक वैद्य, एखादी जादूगारीण. एक चाल तुमची, एक शत्रूची. मेलेला शिपाई परत येत नाही. गेला तो गेला. म्हणून प्रत्येक वाराआधी पडदा तुम्हाला आकडा दाखवतो, शंभरातले किती वार लागतील: पंचेचाळीस, सत्तर, नव्वद. मालिकेचे मूळ पाच खेळ, त्यांना चाहते सख्खे म्हणत. नंतर दुसऱ्या मंडळींनी काढलेले जोडखेळ, ते सावत्र. सख्ख्यांच्या बाजूने आणि सावत्रांच्या विरुद्ध तावातावाने भांडण्यात या मंडळींची उमर गेली होती, आणि त्या भांडणांत किल्लेदाराचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा एक नियम ऐकवला जायचा: नव्वदला चुकत नाही. पंचाऐंशीला विचार करा, ऐंशीला वैद्य जवळ ठेवा, पण नव्वद दिसला की डोळे मिटून वार करा. आणि गेल्या महिन्यात आलेल्या नव्या सावत्रात नव्वद चुकू लागला. तिरंदाजाचा बाण नव्वदला हुकायचा आणि पुढच्याच चालीला तो तिरंदाज मातीत. कट्ट्यावर एकच ओरड झाली. पंधरा दिवसांपूर्वी किल्लेदाराने स्वतः पानभर लिहिलं होतं: "वीस वर्षांत नव्वदला एकही माणूस गमावलेला नाही. या लोकांनी आकडे बिघडवले आहेत. ही सरळसरळ फसवणूक आहे." साडेचारशे लोकांनी त्याला दुजोरा दिला होता.

दुर्बिणीने खेळाचं पोट फाडून आतलं दाखवलं होतं. सख्ख्या खेळांत आतल्या आत एक नाही, दोन फासे पडत आणि दोन्हींची सरासरी धरली जाई. त्यामुळे पडद्यावर नव्वद दिसे तेव्हा आत अठ्ठ्याण्णव असत. शत्रूच्या वाराला दहा दिसे तेव्हा आत दोनच. नव्या सावत्राने एवढंच केलं होतं की एकच फासा टाकला. नव्वद म्हणजे नव्वद. "सख्खेवाले असं का करत असतील?" असं कुणीतरी खाली विचारलं होतं, आणि दुर्बिणीने उत्तर दिलं होतं: "माणसाला खरा नव्वद सोसत नाही, म्हणून." तेवढं वाक्य वाचून तपासनिसाने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. समोर बसलेली पॅकिंगवाली म्हणाली, "काय हो, कुणी गेलं का?" तो म्हणाला, "नाही, अजून नाही." आणि आपण 'अजून' का म्हणालो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

तो काम करायचा तिथे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तयार होत. खोलीला खिडकी नव्हती. काळा पडदा, त्यावर एक पांढरा दिवा, आणि दिव्यासमोरून सरकत जाणाऱ्या कुप्यांची रांग. चीर, बुडबुडा, तळाशी काचेचा कण. डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि खराब कुपी चिमटीने उचलून डाव्या हाताच्या डब्यात टाकायची. शंभरात दोन खराब निघाल्या तर तो लाल बटण दाबून अख्खी रांग थांबवायचा. वरिष्ठ खाली येत, भट्टीवाल्याला शिव्या बसत, एकच धावपळ. तीन खराब निघाल्या तर सगळा माल परत भट्टीत. चौदा वर्षं तो हे करत होता. आज सुट्टीनंतर दिव्यासमोर बसल्यावर त्याने मनातल्या मनात शंभरातल्या दहा कुप्या उचलून डब्यात टाकून पाहिल्या. डबा भरला. दहा म्हणजे केवढ्या असतात! इथे शंभरात दहा खराब निघाल्या असत्या तर त्याने बटण दाबलं नसतं, तो खुर्ची सोडून पळत सुटला असता. आणि तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांच्या खोलीत हाच माणूस पायावर पाय टाकून बसला होता.

ती खोली त्याला आता तुकड्यातुकड्याने आठवू लागली. टेबलावर कवटीचा एक नमुना होता आणि त्याच्या जबड्यात कुणीतरी पेन अडकवून ठेवलं होतं. ताई आपली झोळी मांडीवर घट्ट धरून बसली होती. झोळीत तिच्या कानशी होत्या. ती किल्ल्या करायची, पुलाखालच्या टपरीत, तीस वर्षं. दुकानातून तशीच उठून आली होती. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फोटोत तिच्या मेंदूतल्या एका शिरेला फुगा दिसला होता, वाटाण्याएवढा. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डॉक्टर शांतपणे सांगत होते की घाई काही नाही, दर सहा महिन्यांनी फोटो काढून नजर ठेवली तरी चालेल; बरेच जण तसेच राहतात आणि म्हातारे होऊन भलत्याच कशाने तरी जातात. फुटला तर मात्र अवघड. ऑपरेशन करून कायमचा बंदोबस्त करता येतो, आणि त्यात शंभरातले नव्वद ठीक होतात. उरलेल्यांत कुणाचा हात जातो, कुणाची वाचा, आणि कुणी... डॉक्टरांचं वाक्य पुरं होण्याआधी तो म्हणाला होता, "नव्वद? मग प्रश्नच मिटला." डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं होतं. ती नजर त्याला तेव्हा कौतुकाची वाटली होती. बाहेर जिन्यात ताईने त्याची बाही धरून विचारलं होतं, "बारक्या, तुला आकड्यांतलं कळतं. खरं सांग, करू?" आणि त्याने सांगितलं होतं, "ताई, नव्वदला चुकत नाही." हे त्याने माहितीवरून सांगितलं नव्हतं, हिशेब करून तर नाहीच नाही. अंगातून आलं होतं, गरम तव्यावरून हात मागे यावा तसं. वीस वर्षं हजारो वेळा नव्वद पाहून, हजारो वेळा बाण लागलेला पाहून, त्याच्या अंगाने नव्वद शिकून घेतला होता. फक्त तो नव्वद खोटा होता.

दुपारपर्यंत त्याने तीन चिरा सोडल्या. पुढच्या टेबलावरच्या बाईने त्या पकडून परत आणून दिल्या आणि म्हणाली, "आज लक्ष कुठे आहे?" तो खजील होऊन हसला. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: सांगायचं की नाही. रुग्णांना भेटायची वेळ चार ते सहा. सांगितलं तर ताई काय करेल? कदाचित उठेल, झोळी उचलेल आणि घरी येईल. मग पुढे वर्षानुवर्षं तिच्या डोक्यात तो वाटाणा राहील, आणि टपरीत वाकताना, किल्ली घासताना, शिंकतानासुद्धा तिला तो आठवेल. नाही सांगितलं तर ती उद्या अठ्ठ्याण्णवच्या भरवशावर नव्वदमध्ये जाईल. आणि आपल्याला सांगावंसं वाटतंय ते तिच्यासाठी, की आपल्या मानेवरचं जू काढून तिच्या मानेवर ठेवायला? हा प्रश्न त्याला स्वतःलाच आवडला नाही. तीन वाजता तो वरिष्ठांना सांगून निघाला. रस्त्यावर लोक नेहमीसारखे चालले होते, बस नेहमीसारखी थांबली, आणि त्याला वाटलं की या सगळ्यांच्या डोक्यावर लहान लहान आकडे तरंगताहेत. रस्ता ओलांडणारी बाई, नव्व्याण्णव. शिडीवर चढून दिवा बदलणारा माणूस, ब्याण्णव. हे तो गंमत म्हणून पूर्वीही करायचा. आज ते थांबेना.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर दहा खाटांची लांबट खोली होती आणि ताईची खाट खिडकीशी. तिचे केस काढले होते. लहानपणापासून त्याने तिला लांब वेणीत पाहिलेलं. आता तिचं डोकं एवढंसं दिसत होतं आणि कान मोठे. त्याला पाहून ती म्हणाली, "ये. कशी दिसते? टपरीत बसले तर गिऱ्हाईक किल्ली न घेताच पळेल." तो हसला नाही तशी तीच हसली. तिच्या हाताची बोटं चादरीच्या काठावरून फिरत होती, किल्लीचे दाते चाचपतात तशी. मग ती सांगू लागली, की फोटो काढला त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. आणि त्या दिवशी जिन्यात तो म्हणाला, त्या रात्रीपासून ती ओंडक्यासारखी झोपते. "तुझ्या त्या शब्दाने माझा जीव भांड्यात पडला बघ. डॉक्टर काय, दहा गोष्टी सांगतात. घरचं माणूस एक सांगतं." त्याच वेळी गप्प बसायला हवं होतं, हे त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. पण त्याच्या तोंडून गेलंच.

"ताई, तो नव्वद मी खेळातला सांगितला."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. दोन फासे, सरासरी, सख्खे आणि सावत्र, सगळं. शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती आणि तिला वाटत असावं की ही कुठली तरी घरगुती भाऊबंदकी चालली आहे. शेवटी तो म्हणाला, "मला खरंच तसं वाटत होतं गं. वीस वर्षांत नव्वदला माझा एकही माणूस गेला नव्हता."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "गेला नव्हता? अरे, आणि वायर कोण काढायचं?"

त्याला समजलं नाही. ती म्हणाली, "विसरलास? कपाटामागे प्लग होता, तुझा हात पोचायचा नाही. तुझं कुणी मेलं की बोंब मारायचास, ताई काढ, काढ, लवकर! मी हातातलं टाकून यायची आणि वायर उपटायची. मग तू परत पहिल्यापासून. पहिल्या पहिल्यांदा तर दिवसातून चार-चार वेळा. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात काय वीज जाते का सारखी!"

आणि ते सगळं एकदम वर आलं. कपाटाचा वास, जमिनीचा गारठा, पडद्यावर मातीत पडलेला भालाईत, आणि तो खेळाच्या वहीत कायमचा मेला म्हणून लिहिला जाण्याआधी कपाटामागे घुसलेला ताईचा लांब हात. खट्. अंधार. काही झालंच नाही. मोठेपणी तो हे स्वतःच करू लागला होता, इतक्या सहज की वायर काढली हे लक्षातही राहू नये. अठ्ठ्याण्णवबाहेरचे ते दोनही त्याच्या वाट्याला आले होते. भरपूर आले होते. ते त्याने पुसून टाकले होते आणि मग पुसल्याचंही पुसलं होतं. दुर्बिणीने निम्मंच खोटं पकडलं होतं. उरलेलं निम्मं त्याचं स्वतःचं होतं आणि त्यात ताईचा हात होता. ताईला मात्र तो आठव गमतीचा वाटला होता. ती बराच वेळ हसत राहिली आणि मग हळूहळू तिचं हसू ओसरलं.

"मग खरा नव्वद कसा असतो?" तिने विचारलं.

"दहातला एक चुकतो."

"हं. माझ्याकडेही दहातली एक किल्ली अडतेच. गिऱ्हाईक परत येतं, दोन हात कानस मारून देते." असं म्हणून ती थांबली. तिची नजर खोलीभर फिरली, या टोकाच्या खाटेपासून त्या टोकाच्या खाटेपर्यंत, सावकाश. ती मोजतेय हे त्याला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. मग तिने जिन्यात धरली होती तशीच त्याची बाही धरली. "बरं, मग आता सांग. करू की नको?"

तीन आठवड्यांपूर्वी ज्या तोंडातून उत्तर वाक्य संपायच्या आत निघालं होतं, त्यातून आता शब्द फुटेना. हो म्हटलं तर दहातला एक. नको म्हटलं तर तो वाटाणा, रोज, शिंकेगणिक. ती थांबली. एवढी थांबली की बाहेर चाकांची गाडी गेली आणि परत आली. तो तिच्या डोक्यावरच्या निळसर शिरा बघत होता. सहाची घंटा वाजली. परिचारिका येऊन म्हणाली, "चला, वेळ झाली." ताईने बाही सोडली, त्या जागी कापड चुरगळलं होतं ते हाताने सारखं केलं. "जा तू. केस तर काढलेच आहेत," ती म्हणाली. निघताना दारातून त्याने वळून पाहिलं तेव्हा ती झोपली नव्हती, आढ्याकडे बघत होती. निर्णय तिने घेतला नाही आणि त्यानेही घेतला नाही. कुणी थांबा म्हटलं नाही म्हणून तो झाला. चुकीचा का होईना, त्याने तिला एक भरवसा दिला होता. आज येऊन तो काढून घेतला आणि त्या जागी काहीही ठेवलं नाही.

सकाळी तिला नेताना तिने ढकलगाडीवरून फक्त एवढंच म्हटलं, "आकडे मोजत बसू नकोस. चहा घे." तिचे डोळे लाल होते. दरवाजा दोन्हीकडे उघडला आणि बंद झाला. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खुर्च्या होत्या, वर कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही, त्यात एक माणूस भिंतीला रंग कसा द्यावा ते अखंड दाखवत होता. फळ्यावर खडूने दहा ऑपरेशनं लिहिली होती. त्याने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण दहाच होती. कट्टा उघडला तर तिथे रणकंदन चाललं होतं, कुणी दुर्बिणीला देव केला होता, कुणी गद्दार, आणि सगळे मिळून विचारत होते, "किल्लेदार कुठे आहेत? किल्लेदार काय म्हणतात?" त्याने मोबाइल बंद केला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बायकोचा चष्मा हातात धरून बसले होते.

"तुमचं कोण?" त्यांनी विचारलं.

"बहीण."

"धाकटी?"

"थोरली. आईच्या जागी."

"किती म्हणाले?"

"नव्वद."

"आम्हालाही नव्वदच," म्हातारे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्यानंतर जे त्याच्या मनात आलं ते त्याला कुणालाही कधी सांगता आलं नसतं. दहांतला एक कुणीतरी लागणारच, तर तो हा चष्मा का असू नये? भालाइताला पुढच्या चौकटीत सरकवावं, इतक्या थंडपणे त्याने त्या म्हाताऱ्या बाईला, जिला त्याने पाहिलंही नव्हतं, ताईच्या पुढे उभं केलं. त्याला स्वतःची शिसारी आली, पण सरकवलेली सोंगटी परत घेववेना. साडेदहाला दार उघडलं आणि हिरव्या कपड्यातली परिचारिका म्हाताऱ्यांना हसून म्हणाली, "झालं हो व्यवस्थित. शुद्धीवर येताहेत." म्हातारे उठताना रडले, त्यांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग कोपऱ्यातल्या दोघी बहिणींना बोलावलं, त्याही हसत गेल्या. प्रत्येक चांगल्या बातमीबरोबर त्याच्या पायाखालची जमीन थोडी थोडी सरकत होती. एका कुपीला शेजारच्या कुपीचं काही माहीत नसतं, हे कारखान्यात नव्या माणसांना तोच शिकवायचा. आता ते त्याने मनात दहादा म्हटलं. आणि तरी प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याबरोबर चांगल्या कुप्या संपत चालल्या होत्या.

चार तास लागतील असं सांगितलं होतं. दोन तास झाले होते, तेव्हा दार उघडलं. या वेळी परिचारिका नव्हती. खुद्द डॉक्टर होते, तेच, टोपी काढून हातात घेतलेली. ते खोलीभर नजर फिरवत कुणाला तरी शोधत होते. त्यांनी ताईचं नाव घेतलं आणि विचारलं, "यांचं कोण आहे?" तो उठला नाही. त्याचा हात खुर्चीमागे गेला होता, भिंतीला चिकटून खाली आलेल्या टीव्हीच्या वायरीवर. काढ, काढ, लवकर, असं कुणीतरी आत ओरडत होतं, अकरा वर्षांच्या पोराच्या आवाजात. त्याने बोटं आवळली आणि सगळ्या ताकदीने वायर उपटली. रंग देणारा माणूस नाहीसा झाला, पडदा काळा पडला आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे वळून पाहू लागले. दारात डॉक्टर तसेच उभे होते.